शाळेतला सगळ्यात दुःखी पोरगा

आईशप्पत, शब्दन्‌शब्द खरा हाय. म्हणजे, थोडे शब्द इकडंतिकडं झाले आसतील. बापाच्या तोंडचे दोन-चार तर मी गाळलेच हायत, तुमी सभ्य माणसं. पर माती मी खाल्ली, तेवढं पक्कं.

दहावीत होतो. नेकनूरजवळची आमची शाळा. तिथं पुण्याच्या एक मॅडम आल्या, पोरांच्या मनाचं बघणाऱ्या. त्यांनी वीस प्रश्नांचा फॉर्म वाटला. दडपण येतं का? रडू येतं का? एकटं वाटतं का? पुढं तीन चौकोन: कधीच नाही, कधीकधी, नेहमी.

आता मला दोन मिनिटं एका जागी बसवत न्हाई, मी वीस प्रश्न वाचू? सगळीकडं 'नेहमी'वर टिक मारली, मोकळा!

शेजारचा बाल्या त्या दिवशी आला नव्हता. त्याचाबी मीच भरला. सगळीकडं 'कधीच नाही'. वर स्वतःच्या मनानं लिव्हलं, 'मी सकाळी हसतच उठतो.' बाल्या म्हणजे शाळेतलं सगळ्यात सुतकी तोंड. मला वाटलं, काय जोक मारलाय राव!

दोन दिवसांनी कळलं. बाल्याचे आईबाप ऊसतोडीला निघालेले, सहा महिने कारखान्यावर. अशा पोरांसाठी गावात हंगामी वसतिगृह असतंय. जागा एकच उरलेली, आन ती कुणाला द्यायची ते मॅडम त्या फॉर्मवरून ठरवणार! न्हाई मिळाली तर बाल्या परवा ट्रकमध्ये, आन दहावी उसाच्या फडात.

फॉर्मवरून सगळ्या वर्गाची यादी लागली, सगळ्यात दुःखी वर. पहिलं नाव माझं. माझं! घरात आई, बाप, दोन म्हशी!

सगळ्यात खाली बाल्या. शेरा: 'अत्यंत समाधानी'.

"माझा फॉर्म तूच भरलास न्हवं? काय लिव्हलंस बे?" बाल्या म्हणला.

"चांगलंच लिव्हलं रे..."

पळत मॅडमकडं.

"मॅडम, मी गंमत केलती."

मॅडमनी मान हलवली आन वहीत लिहिलं. मी उलटं वाचलं: 'दुःख विनोदाआड लपवतो.'

"मला कायबी झालेलं न्हाई हो!"

'नाकारतो.'

"पाया पडतो मॅडम!"

'तीव्र.'

दुसऱ्या दिवशी बापाला बोलावणं.

"मुलाला जवळ घ्या," मॅडम म्हणल्या.

"कावून? कुठं चाललाय?"

"मायेनं घ्या हो."

बापानं, मी येष्टीतून पडत असल्यासारखं, दंडाला धरलं. "मॅडम, ह्याला रोग न्हाई. नालायक हाय ह्यो."

"असा शिक्का मारू नका त्याच्यावर."

मग मी भडाभडा ओकलो. दोन्ही फॉर्म, बाल्या, उद्याचा ट्रक, सगळं. बापाचा हात दंडावरच होता. तो आवळला.

मॅडमनी बाल्याला बोलावलं. "कसं वाटतंय बाळा?"

"बरं हाय."

"आईबाबा जाणार म्हणून काळजी?"

"न्हाई. बरं हाय."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. गेलं! संपलं!

तेवढ्यात बाप म्हणला, "मॅडम, कसं वाटतं ईचारलं की आमच्याकडं मरायला टेकलेलं माणूसबी बरं हाय म्हणतंय. सकाळपासनं काय केलं ते ईचारा."

मॅडमनी विचारलं.

बाल्या म्हणला, "चारला उठलो. बाजरीचं पोतं बांधलं. धाकटीला मामाकडं सोडलं. शेळी शेजारी बांधली. मग वह्या घेऊन आलो."

"वह्या कशाला?"

"कुणाला लागतील म्हणलं. लई पानं कोरी हायत."

मॅडमचा पेन थांबला.

जागा बाल्याला मिळाली. मॅडम आता सगळ्याच पोरांला तेच विचारतात, फॉर्म कपाटात गेला.

पर वाटोळं झालं माझं! बापाला तो प्रश्न लई आवडला. तवापासनं रोज सांच्याला दारात उभा, "सकाळपासनं काय केलंस?" आता काय सांगू त्याला? सकाळपासनं मी मांजरसुंब्याच्या फाट्यावर बसून तुमाला हेच सांगतोय!

म्हणून काढा ह्या गोष्टीची शंभराची नोट. हसताय काय? कमाई करून आलो, एवढं तरी सांगू द्या की घरी!