दुपट्यातली सुई

तुम्ही फोनवर विचारता, आजी, तुझा तो चिंध्यांचा क्लास अजून चालू आहे का? चालू आहे. गंगापूर रोडवर आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर आठवड्याला बायका जमतात. येवल्याच्या विणकरांकडे पैठणीचे जे तुकडे उरतात ते मी मागवते. जुने शर्ट, चादरी, विटलेल्या साड्या बायका घरून आणतात. त्यातून पिशव्या, अभ्रे, गोधड्या होतात. माझा नियम एकच: निघताना प्रत्येकीने आपली सुई माझ्या लाल पिनकुशनमध्ये खोचून जायचं.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी एक सुई कमी भरली; आदल्या आठवड्यात मोजायचं राहून गेलं होतं. जाड, गोधडीची. मी सतरंजी झटकली, चपलांच्या जागी वाकून पाहिलं. आयांबरोबर रांगती मुलं येतात, म्हणून मला सुईची फार धास्ती.

हॉलमध्ये एकच बाई उरली होती. मखमलाबादकडे तिचा झेंडूचा मळा आहे. ती हसून म्हणाली, "नका शोधू बाई. ती आत टाकलीय."

"डबीत?"

"डबीत नाय ओ, दुपट्यात. माझ्या शेजारणीनं. नातू झालाय ना तिला! दृष्ट लागू नये म्हणून बाळाजवळ लोखंड लागतं. विळा ठेवला तर जावई हसतो. म्हणून मागच्या खेपेला सुई आत टाकली न् वरून शिवून घेतलं. कुणाला दिसायला नको."

रीत मला ठाऊक होती. माझ्या बाळंतपणात माझ्याही उशाखाली अडकित्ता होता. पण अडकित्ता बाळाच्या अंगाला गुंडाळत नाहीत.

"कुठे आहे ते दुपटं?"

"बाळाच्या अंगावर. लेकीला सासरी पोचवायला गेली ना ती आज, कळवणला. एसटीत असंल आता."

कापडाच्या थरांत सुई एका जागी राहत नाही. घडी पडली, दाबली गेली की ती पुढे सरकते. आणि मीच त्या शेजारणीला सांगितलं होतं, बाळाचं आहे, टाके सैल घाल, मऊ राहील.

मी फोन लावला. लागेना. पुन्हा लावताना भलतेच आकडे दाबले. शेवटी झेंडूवालीने लावला आणि स्पीकर चालू केला. तिचं हसू केव्हाच गेलं होतं.

फोन लागला. पलीकडे गाडीचा खडखडाट.

"बाई? बोला की! गाडी लय आदळती!"

"बाळाला दुपट्यातून बाहेर काढ. आत्ताच्या आत्ता."

"आं? थंडी वाजंल त्याला. आन् आत्ता कुठं डोळा लागलाय. सारी वाट रडत व्हतं, कशानं ते कळंना."

 झेंडूवालीने फोन ओढून घेतला. "अगं भवाने, सुई हाय त्यात!"

"हाय की. मीच टाकलीय. कोपऱ्यात हाय."

"मग बघ कोपऱ्यात!"

जरा वेळ नुसती गाडी ऐकू आली. मग तिच्या लेकीचा आवाज, "आई, कोपऱ्यात काहीच नाहीये गं." आणि बाळ किंचाळलं.

मी होते तिथे, पैठणीच्या तुकड्यांवर बसले. ते रडणं कानात शिरत होतं आणि मला काहीच करता येत नव्हतं. झेंडूवाली फोन धरून नुसती "देवा, देवा" म्हणत होती.

"सापडली!" शेजारीण ओरडली. "पार मधी आली व्हती. टोक निघालंय बाहेर, स्वेटरात अडकलंय."

"आणि बाळ?"

"पाठीवर ओरखडा हाय, बारका. रक्त नाय…" फोन तुटला.

संध्याकाळी कळवणहून तिचाच फोन आला. डॉक्टरांनी बाळाला तपासलं होतं. ते दूध पिऊन झोपलं होतं. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात ती उसवलेलं दुपटं घेऊन आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता आत काय टाकू बाई? मोकळं कसं धाडू?"

रागवायचं मी ठरवून ठेवलं होतं, पण तिचा चेहरा बघून ते राहूनच गेलं. माझ्या कितीतरी आधीपासून ती घाबरलेली होती, म्हणून तर सुई आत गेली. घरातल्या जुन्या कपाटाची लोखंडी किल्ली मी तिला आणून दिली. "ही पाळण्याच्या दांडीला बांधायला धाड. वर. दुपट्यात काही नको." तिने पैठणीची एक पट्टी निवडली, किल्ली तिच्यात घट्ट बांधली, आणि गाठ ओढून ओढून पाहिली.

तुम्हाला पाठवायच्या गोधड्या शिवून झाल्या आहेत. पिनकुशनमध्ये सगळ्या सुया आहेत. तरी रोज एकदा मी गोधड्यांवरून तळहात दाबून फिरवते, मग गाल. पार्सल अजून बांधलेलं नाही.