हवेत पेटणारं लोखंड

आमच्या प्रयोगशाळेच्या नव्या खोलीचं उद्घाटन करायला संस्थेचे अध्यक्ष येणार होते, आणि नेमके त्याच दिवशी माझे गाइड सर सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी लातूरला अडकले. मी त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होते. सकाळी त्यांचा फोन आला. आत गर्दी होऊ देऊ नकोस आणि ज्योत तर अजिबात नेऊ देऊ नकोस, एवढंच त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं.

त्या खोलीत आम्ही लोखंडाची पूड करायचो. साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही एकेक कण दिसत नाही इतकी बारीक, नॅनो म्हणतात ती. बीड जिल्ह्यात कितीतरी बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. शिरूर कासारकडच्या माझ्या आजोळी पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात ते त्यामुळंच. ही पूड पाण्यातलं फ्लोराइड किती ओढून घेते, हे मी तपासत होते. लोखंडाचा खिळा हवेत सावकाश गंजतो. त्याच लोखंडाचे इतके बारीक कण केले की कोरडे असताना हवा लागताच ते पेट घेतात. त्यामुळं सगळं काम नायट्रोजन भरलेल्या काचेच्या बंद पेटीत, पेटीलाच जोडलेल्या हातमोज्यांत हात घालून करायचं. बाहेर काढायची ती अल्कोहोलमध्ये भिजवूनच. एकच नमुना कोरडा होता, कारण पुण्याच्या तपासणीसाठी तो तसाच लागत होता. छोट्या बाटलीत, झाकण सीलबंद, वर लाल अक्षरांत ‘उघडू नये’, आणि लोखंडी कपाटात कुलूपबंद.

मी दाराशी आले तेव्हा प्राचार्य समई, अगरबत्त्या आणि नारळ घेऊन उभे होते. हे सगळं व्हरांड्यात करू, असं मी म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. साहेबांना बाहेर उभं करायचं का, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. आत अल्कोहोल आहे, पूड आहे, ठिणगी चालणार नाही, असं मी सांगत होते, आणि ते माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघत होते. तेवढ्यात गाड्या आल्या.

साहेबांच्या मागे दहा-बारा कार्यकर्ते होते. समई बाहेर का, हे प्राचार्य अवघडून सांगू लागले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

“आत लावली तर काय हुईल?” त्यांनी विचारलं.

“आग लागू शकते, साहेब.”

ते म्हणाले, “मग बाहेरच लावू की.” समई व्हरांड्यात लागली, नारळ पायरीवर फुटला. माझा जीव जरा भांड्यात पडला. आत तिघांनीच यावं, मास्क लावावा आणि पंखा सुरू करू नये, अशी मी विनंती केली. साहेब, प्राचार्य आणि फोटोग्राफर आत आले. मी त्यांना काचपेटी दाखवू लागले.

मी दाराशी येण्याआधीच काय झालं होतं, ते मला माहीत नव्हतं. पाहुण्यांना दाखवायला टेबलावर काहीतरी असावं, म्हणून प्राचार्यांनी ऑफिसातली दुसरी किल्ली देऊन शिपायाकडून कपाटातल्या बाटल्या मांडून घेतल्या होत्या. मी वळले तेव्हा गर्दीतला एक तरुण कार्यकर्ता आमच्यामागून आत शिरून त्या टेबलाशी उभा होता. त्याच्या एका हातात मोबाइल होता. दुसऱ्या हातातली बाटली त्याने कागदावर तिरकी केली होती. सील तुटलेलं होतं.

काळी पूड कागदावर पडली. एक क्षण काहीच झालं नाही. मग ढिगाच्या मधोमध एक लाल ठिपका उमटला आणि चुलीतला निखारा फुंकर घातल्यावर फुलावा तसा पसरत गेला. कागद पेटला. त्यानं हात झटकला, बाटली फरशीवर फुटली आणि खालीही तीच लाली धावू लागली. टेबलाच्या कडेला अल्कोहोलची बाटली होती.

मी आधी ती उचलून लांब ठेवली. मग साहेबांचा दंड धरला आणि त्यांना दाराकडे ढकललं. मागून प्राचार्य पाण्याचा जग घेऊन पुढे आले.

“पाणी नको,” मी म्हणाले. “पाण्यानं भडकेल. सगळे बाहेर व्हा.”

ते थांबले, पण काठोकाठ भरलेला जग त्यांनी तसाच उंच धरलेला होता. ते पाणी सांडतं की काय, याचीच मला जास्त भीती वाटली. फोटोग्राफरनं त्यांना मागे ओढलं. कोपऱ्यात कोरड्या वाळूची बादली होती. मी खाली बसले आणि वाळू हळूहळू कडेकडेनं ओतली. जोरात टाकली असती तर पूड उडाली असती. टेबलावरही तसंच केलं. लाली दिसेनाशी झाली, तरी मला खरं वाटेना. मास्कच्या आत घाम ओघळत होता. वाळूतून कुठं धूर येतो का, हे बघत मी तशीच बसून राहिले. मग बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

व्हरांड्यात तो तरुण पायरीवर बसला होता. बोटं आणि तळवा लाल झाला होता. कोणीतरी नळ सोडला, पण तो हात पुढे करेना.

“मॅडम, आता पाणी चालतं का?” त्यानं विचारलं.

हातावर काळे कण उरलेत का, ते मी नीट पाहिलं. नव्हते. मग मीच त्याचा हात नळाखाली धरला. एवढ्यात शिपाई झाडू घेऊन दाराकडे निघालेला दिसला. त्याला मी अडवलं. झाडलं की ती पूड हवेत उडणार आणि दिसायच्या आधी छातीत जाणार. ती बसू द्यायची, सगळं थंड होऊ द्यायचं आणि मग ओल्या फडक्यानं टिपायचं. कुलूप लावून खोलीच्या आणि कपाटाच्या सगळ्या किल्ल्या मी माझ्याकडे ठेवल्या. साहेब गाडीत बसून निघून गेले.

त्या तरुणासोबत मी दवाखान्यात गेले. त्याच्या हाताला पट्टी बांधेपर्यंत माझ्या मनात राग साचला होता. बाटली का उघडलीस, असं मी विचारलंच.

“आमी उमापूरच्या पुढं वस्तीवर ऱ्हातो,” तो म्हणाला. “वडलांची मान वळत न्हाई आता. डॉक्टर म्हणले, पाण्यानं झालंय. प्राचार्य सांगत होते, हितं त्याच्यावर पावडर काढलीय. फोटो काढून वडलांना दाखवावं म्हणलं, आलंय बगा औषध.”

माझा राग ओसरला, पण पुढचं सांगणं त्याहून जड गेलं. हे औषध नाही, ताठरलेली मान यानं सैल होणार नाही, आणि पाण्यासाठीसुद्धा ही पूड कधी वापरात येईल हे मला माहीत नाही. त्यानं मान हलवली आणि मोबाइल खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी सर परतले. मास्क, हातमोजे, अंगभर कोट घालून आम्ही दोघांनी खोली पुसली. फडकी, वाळू, काचा वेगळ्या डब्यांत बंद केल्या. माझी छातीही तपासून घेतली. डॉक्टरांना काही आढळलं नाही. पुढचं आज कोणी सांगू शकत नाही, असंही ते प्रामाणिकपणे म्हणाले. कॉलेजात मात्र चर्चा एकच, या पोरीनं साहेबांना ढकललं. प्राचार्यांनी मला माफी मागायला सांगितलं. सरांनी ठाम नकार दिला. काही आठवडे खोली बंद राहिली आणि माझं काय होणार या चिंतेत मला जेवण जाईना. शेवटी साहेबांचाच निरोप आला: खोली उघडा, दुसरी किल्ली ऑफिसात ठेवू नका.

तो तरुण हात बरा झाल्यावर आला, वस्तीवरचं पाणी घेऊन. बोअरचं एका कॅनमध्ये, आणि ओढ्याकाठच्या जुन्या विहिरीचं दुसऱ्या कॅनमध्ये. ती विहीर त्यांनी बोअर घेतल्यापासून पिण्यासाठी वापरणं सोडलं होतं. माझ्या पुडीनं बोअरच्या पाण्यात फारसं काम केलं नाही. ते फ्लोराइड मला आजही पुरतं काढता आलेलं नाही. पण विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड नगण्य निघालं. जंतूंची तपासणी करून घ्या आणि क्लोरीन टाकून प्या, असं मी त्याला सांगितलं. त्यांनी गाळ उपसला, वर जाळी बसवली. त्यांच्या वस्तीवरची लहान पोरं आता तेच पाणी पितात.