पाव भाकरी

मी जन्मभर ब्लाउज शिवले. कापड हातात आलं की आधी मोजायचं आणि मग गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचं, ही माझी सवय. कुणी गोड बोललं की मला शंका येते. पुण्याच्या इस्पितळातून सोलापूरला परतले आणि सुनेने हसतमुखाने माझं अंथरूण मागच्या खोलीत घातलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

थायरॉइडची गाठ काढल्यावर मला किरणोत्सर्गी आयोडीन दिलं होतं. तीन आठवडे लहान मुलाला जवळ घ्यायचं नाही, ताटवाटी वेगळी ठेवायची, पाणी भरपूर प्यायचं, असा कागद सोबत होता. कागद इंग्रजीत आणि वाचून दाखवणारी सून. आजार कळल्यापासून ती नातीला माझं उष्टं खाऊ देत नव्हती, हे मी पाहिलं होतं. तिला किळस येते आणि आता आयतं निमित्त मिळालं, असं मी धरून चालले. तीन वर्षांची नात दाराआडून हाक मारायची, मी भिंतीकडे तोंड करून रडायचे.

सून शाळेत विज्ञान शिकवते. दारात, लांबच, स्टूल टाकून तिने मला समजावलं. आयोडीनच्या अणूच्या गाभ्यात त्रेपन्न प्रोटॉन असतात. त्याच गाभ्यातला एखादा न्यूट्रॉन आपणहून प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो, तोच गळ्यातल्या उरल्यासुरल्या रोगाला मारतो. गाभ्यात चोपन्न झाले की तो अणू आयोडीन राहत नाही, झेनॉन नावाचा वायू होतो.

"लग्नात माझं बी नाव बदललं," मी म्हणाले. "आत मी तीच ऱ्हायले की."

नुसतं नाव नाही, गाभाच बदलतो, तो पुन्हा आयोडीन होत नाही, असं ती म्हणाली. दर आठ दिवसांनी निम्मे अणू असे बदलतात. तिथे मी तिला पकडलं. निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं, हे संपणार कधी? हिने मुद्दाम न संपणारा हिशेब काढलाय, अशी माझी खात्री झाली. पुढे ती पाण्याबद्दल काहीतरी सांगत होती, ते मी ऐकलंच नाही.

तिच्या हिशेबावर नजर ठेवायला मी डब्यातली एक कडक भाकरी बाजूला काढली. ती महिनोन् महिने टिकते. आठव्या दिवशी निम्मी मोडून वरणात कुस्करून खाल्ली. सोळाव्या दिवशी उरलेलीची निम्मी. तुकडा वाकडा मोडला, तेव्हा शिवताना दोरा तोडावा तशी त्याची कड दातांनी कुरतडून सरळ केली. पाव भाकरी उरली.

एकविसाव्या दिवशी सकाळी सून नातीला कडेवर घेऊन थेट आत आली. नातीने हात पसरले आणि मी मागे सरकले. तीन आठवडे जिच्यासाठी रडले, तिलाच घ्यायला मला भीती वाटली. आता संशय सुनेचा नव्हता, माझ्याच गळ्याचा होता.

"थांब," मी म्हणाले. "पाव भाकरी अजून हाय."

मी डबा दाखवला. तिला कळायला थोडा वेळ लागला. मग ती खाली माझ्याजवळ बसली.

"आई, ते निम्म्याचं गणित नुसतं बाटलीत ठेवलेल्या औषधाचं. तुमच्या अंगातलं बरंचसं, एवढं पाणी प्यालात ना, लघवीवाटे आधीच गेलं. डॉक्टरांनी ते धरूनच तारीख दिली होती."

मला पटलं नाही, हे माझ्या तोंडावर दिसलं असावं. तिने नातीला माझ्या मांडीवर ठेवलं. मग डब्यातला तुकडा उचलला. तुकड्याच्या काठावर माझ्या दातांच्या खुणा तिने पाहिल्या, मीही पाहिल्या. तिने तो त्याच बाजूने दातांनी तोडला आणि सगळा खाल्ला.

नात माझ्या गळ्यात पडली होती. तिला मी घट्ट धरलं, पण सुनेकडे मान वर करून बघणं मला जमलं नाही.