ईराची पिशवी आणि चिंदरकरकाका

चिंदरकरकाका मूर्तीचा चेहरा आधी बघत नसत, आधी तिचं माप घेत. गोरेगावच्या एका सभागृहात महिन्यातून एका रविवारी आम्ही काही जण जमतो. ‘बेटावरची ईरा’ ही आमची चित्रकथा, होडीतून बेटाबेटांवर टपाल पोचवणाऱ्या मुलीची. तिचे अंक, चित्रकाराची कच्ची रेखाटनं दाखवणारी जाड चित्रपुस्तकं, वीतभर उंचीच्या मूर्ती असा सगळा संसार टेबलांवर मांडलेला असतो. मी शाळेत ग्रंथपाल, पुस्तकांपुरती जाते. पहिल्या दिवशी एका चित्रपुस्तकाकडे हात नेला, तर पलीकडून मापाचा कॅलिपर धरलेले एक पिकल्या केसांचे गृहस्थ म्हणाले, “बाई, आत्ताच वडा खाल्लात ना? आधी हात धुवा. ईरा तेलकट झाली तर टपाल कोण नेणार?”

मी निमूटपणे हात धुऊन आले.

हे चिंदरकरकाका मूळचे मालवणकडचे, राहायला दिंडोशीला. मरोळच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर बिल्ल्यांचे पोलादी साचे कोरले. साच्यात अक्षर उलटं कोरायचं, म्हणजे बिल्ल्यावर सुलटं उमटतं. निवृत्तीनंतर त्या हातांना काम उरलं नव्हतं. नातीचे अंक चाळता चाळता ते ईरात अडकले आणि आमच्यात आले. कोणाच्या मूर्तीचा हात निखळला, होडीचं वल्हं मोडलं, की काका. “मोडलं म्हणून रडायचं नाय,” ते म्हणत. “मोडल्याशिवाय आतून कसं केलंय ते कळत नाय.”

एका चित्रपुस्तकात वादळातल्या ईराचं मूळ रेखाटन होतं. त्यात टपालाची पिशवी उजव्या खांद्याला. मूर्तीत मात्र डाव्या. अंकांमध्ये ती कधी या खांद्याला, कधी त्या, त्यामुळे कोणाला खटकलं नव्हतं. काकांना खटकलं. त्यांनी स्वतःच्या मूर्तीची पिशवी कापून उजव्या खांद्याला बसवली. मग मुलुंडच्या श्रुतीच्या मागे लागले. श्रुती बँकेत आहे. तिची मूर्ती क्रमांक घातलेली, मोजक्यांतली.

“काका, ओरिजिनल आहे हां ती. वाट लागेल तिची.”

“ओरिजिनल म्हणजे काय गो? कारखान्यान केल्यान तां, की चित्रकारान काढल्यान तां?”

श्रुती आठवडाभर विचार करत होती. शेवटी तिने दिली, ती काकांच्या हातांवरच्या विश्वासाने, आणि तिच्याही ईराची पिशवी उजव्या खांद्याला गेली.

त्यानंतर काही महिन्यांनी मी ते पान आणि एक अंक शेजारी ठेवून बघत होते. ईराच्या डाव्या भुवईवर एक व्रण आहे, प्रत्येक अंकात डावीकडेच. रेखाटनात तो उजवीकडे होता. पान उलटं छापलं गेलं होतं.

सांगावं की नाही, या विचारात माझे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दिंडोशीला गेले. पान आणि अंक काकांसमोर ठेवून व्रण दाखवला. त्यांनी उठून दाढीचा आरसा आणला आणि पानासमोर धरला. आरशात ईरा बरोबर होती, व्रण डावीकडे, पिशवी डावीकडे.

“जन्मभर उलटं कोरून पोट भरलं,” ते हळूच म्हणाले, “आणि उलटं दिसलं नाय मला.”

काकू चहा ठेवत म्हणाल्या, “कोणाला कळतंय? गप बसा ना.”

“माका कळला ना.” आरसा खाली ठेवत म्हणाले, “श्रुती आता परत हात लावू द्यायची नाय. कोणीच नाय देणार.” रविवारचं ते टेबल गेलं तर त्यांच्याकडे दुसरं काय होतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

“फोन करता का?” मी विचारलं.

“फोनवर? बाई, तिची वस्तू मी माझ्या हातांनी कापली.”

शनिवारी आम्ही बसने मुलुंडला गेलो. श्रुतीने दिलेलं पाणी हातात तसंच धरून त्यांनी सगळं सांगितलं.

“मी सांगितलं होतं ना काका तुम्हाला!” तिचा आवाज चढला. मग ती आत गेली. काकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ती मूर्ती घेऊन आली आणि त्यांच्यासमोर ठेवली. “नीट करा. इथेच बसून. मी बघणार.”

काकांनी हत्यारं काढली. दोन तासांनी पिशवी डाव्या खांद्याला गेली. श्रुतीने भिंगातून पाहिलं.

“जोड दिसतोय.”

“दिसणारच. रंग लावून लपवू काय?”

“नको.” तिने भिंग खाली ठेवलं. “आणि काका, माझ्या होडीची डोलकाठी हलतेय कधीपासून. रविवारी आणते. पण आधी मला विचारायचं हां, मग कापायचं.”

काका तेव्हा कुठे पाणी प्यायले.

पुढे तीन वर्षं रविवारचं ते टेबल त्यांचंच होतं. गेल्या हिवाळ्यात, दुपारी जेवून पडले असताना, ते गेले. काकूंनी त्यांची चित्रपुस्तकं मला वाचायला दिली. त्या पानाच्या समासात त्यांनी शाईने लिहिलंय, कोरल्यासारख्या सरळ अक्षरात: “हे चित्र उलटं छापलं आहे. मी फसलो. तुम्ही फसू नका. बाकी पुस्तक उत्तम.”