पट्ट्याला जाळी

ठाणाकुशनूरच्या पंचशीलाचा डावा हात पिठाच्या गिरणीत गेला. पदराचं टोक फिरत्या पट्ट्यात अडकलं, ते सोडवायला तिनं हात घातला आणि मोटर बंद होईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्याआधी कितीतरी वर्षं ती गिरणी तीच चालवत होती. बिदरच्या दवाखान्यातून ती मनगटापुढं रिकामा हात घेऊन घरी आली. दाखला निघाला, अपंगांची पेन्शन सुरू झाली. घरातली कामं ती एका हातानं शिकली. पण दुपार झाली की गिरणीचा आवाज वस्तीपर्यंत यायचा आणि तिचं मन घरात लागायचं नाही.

एके दिवशी गिरणीचे मालक शंकरप्पा स्वतः दारात आले.

“अक्का, परत येतीस का? नव्या माणसाला ज्वारी दळता येईना. पीठ गरम करून टाकायलाय. बाया तुलाच विचारायलेत.”

पंचशीलानं विचार करून सांगते म्हटलं. शंकरप्पा गेल्यावर तिचा नवरा नरसिंग बोलला, “कामाला गेलीस की पेन्शन बंद. समदे हेच म्हणतेत.”

“समदे म्हणजे कोण? कुणी हापिसात विचारून आलंय का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कमलनगरच्या जीपमध्ये बसली.

अपंगांच्या कामांसाठी तिथल्या तालुका पंचायतीत सुधारानी नावाच्या बाई बसत. त्यांच्या स्वतःच्या पायाला पोलिओ झालेला, कुबडी खुर्चीला टेकवलेली. त्यांनी कानडीत सुरुवात केली, मग पंचशीलाचं बोलणं ऐकून मराठीवर आल्या.

“काम केलं म्हणून कुणी गुन्हेगार ठरत न्हाई, अक्का. पण पेन्शनला घरच्या उत्पन्नाची अट असते. किती मिळणार ते मालकाकडून लिहून आणा आणि आपणहून दाखवा. लपवलं तर पुढं त्रास होतो.”

“आणि बंद झाली तर?”

“मी सोबत येते, साहेबांनाच विचारू. पण आधी मला सांगा, गिरणीतलं कोणतं काम जमतं, कोणतं न्हाई?”

अपघातानंतर हा प्रश्न तिला कुणीच केला नव्हता. काय गेलं एवढंच सगळे विचारत. पंचशीला भराभरा बोलू लागली. दळण बारीक-जाड करता येतं, पीठ हाताला कसं लागतं ते कळतं. पोतं उचलता येत नाही. आणि पट्ट्याजवळ उभं राहायची भीती वाटते.

“मग पट्टा झाकायला सांगा,” सुधारानी म्हणाल्या. “ह्यात लाजायचं काय?”

शंकरप्पांकडून मजुरी लिहून घेऊन पंचशीला दोन दिवसांनी परत आली आणि त्या दोघी तहसीलमध्ये गेल्या. तिथल्या साहेबांनी कागद बघून सांगितलं, सध्याच्या मजुरीत ती अटीत बसते, पुढं वाढली तर येऊन कळवायचं.

परतताना ती घरी न जाता थेट गिरणीत उतरली.

“येते मी. पण आधी पट्ट्याला लोखंडी जाळी पायजे. बंद करायचं बटन माझ्या उजव्या हाताला पायजे. आणि पोती मी उचलणार न्हाई.”

शंकरप्पांनी डोकं खाजवलं. “आणखी काही?”

“न्हाई. एवढं आधीच केलं असतं तर बरं झालं असतं.”

ते ओशाळले. त्याच आठवड्यात त्यांनी उदगीरहून वेल्डर बोलावला.

पहिल्या दिवशी मोटर सुरू झाली तेव्हा ती एक पाऊल मागं सरली. जाळीमागं पट्टा फिरत होता. ती तिथंच उभी राहिली, श्वास जागेवर येईपर्यंत. मग तोंडाशी आलेलं पीठ चिमटीत घेऊन चोळलं, गरम लागलं म्हणून चक्की जराशी सैल केली. रांगेतल्या गंगम्मानं ज्वारीचं पोतं पुढं सरकवलं. “माझं भाकरीचं हाय, बारीक काढ,” ती म्हणाली, आणि ठाऊक असल्यासारखी पोतं उचलून वरच्या टोपात ओतायला स्वतःच पुढं झाली.

संध्याकाळी नरसिंग न्यायला आला तर गिरणीत अजून चार डबे बाकी होते. “तू हो पुढं,” तिनं आतूनच सांगितलं. “मला उशीर होईल.”