सतराव्या सोमवारची बाटली

उद्यापनाची भांडी घासायला चारचौघी बसल्या, की भांड्यांपेक्षा किस्सेच जास्त निघतात. आमच्या घरात तर दिगंबर भाऊजींच्या एका नोकरीनं एवढे किस्से जमवले, की माझे हात राखेत तसेच राहतात आणि बायका म्हणतात, "तो गुरवाचा सांगा ना!"

सांगते. पण ओळीनं सांगू द्या.

*

आमचा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, बरीच वर्षं घरीच होते. त्यांच्यासाठी मी सोळा सोमवार धरले. महादेवाला बोलले, "त्यांच्या हातचं पहिलं काम तुझ्यापुढं ठेवीन आणि त्याच्याच प्रसादावर शेवटचा उपास सोडीन."

आठव्या सोमवारी नोकरी लागली! औरंगाबादकडच्या एका छोट्या कारखान्यात. कच्ची होती, दिवाळीनंतर पक्की करणार होते. पत्रात लिहिलं होतं, 'सातू भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, दळायचे.'

मी बाळापूरभर सांगितलं, "सातूच्या पिठाचा कारखाना आहे!" भजनी मंडळातल्या शांताकाकू म्हणाल्या, "दिगंबरला म्हणावं, दोन किलो आण. माझ्या सुनेला बाळंतपणात लागंल."

*

दिवाळीआधी भाऊजी आले. पिशवीतून पांढऱ्या काचेच्या सहा बाटल्या काढल्या. नमुन्याच्या होत्या, म्हणून लेबल नव्हतं. आत फिकट सोनेरी पाणी.

"पीठ कुठंय?" मी विचारलं.

"वहिनी, बिअर आहे ही. हलकी. ब्लाँड एल म्हणतात. ब्लाँड म्हणजे गोरी."

सोळा सोमवार धरून मी काय मागून घेतलं होतं?

*

आमच्या ह्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. पण धाकट्या भावाच्या हातचं नाही कसं म्हणायचं? ह्यांनी दोन दिवस विचार केला. मग माळ काढून खुंटीला अडकवली आणि ओसरीत येऊन बसले.

भाऊजी शिकवू लागले. "दादा, आधी रंग बघायचा. मग वास घ्यायचा. मग घोटभर तोंडात फिरवायची."

ह्यांनी डोळे मिटून घोट घेतला.

"कडूबी न्हाई, गोडबी न्हाई," म्हणाले. "मग लोकं पिऊन राहिले काहून?"

ह्यांनी चूळ भरली, माळ घातली. अर्धी बाटली तशीच फळीवर राहिली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, फळीवरची बाटली उचलली. गोमूत्र समजून! देवघरात शिंपडलं, उंबऱ्यावर शिंपडलं, थोडं माझ्या डोक्यावरही.

"आगं, गायीला काय झालं?" म्हणाल्या. "फेस येऊन राहिला!"

तेवढ्यात भजनाला बायका आल्या. शांताकाकूंनी नाक वर करून वास घेतला. "काय गं, इडलीचं पीठ भिजवलंस का?"

मी म्हणाले, "व्हय." उपासाच्या दिवसांत खोटं बोलले. महादेवा, तेवढं पोटात घाल!

*

आता सतरावा सोमवार, उद्यापन. मी एक बाटली न उघडता जपून ठेवली होती. ठेवावी, तर देवाचा कोप. न ठेवावी, तर नवस अपुरा आणि भाऊजींची नोकरी कच्चीच राहणार. सकाळपासून पोटात पाणीसुद्धा नाही. शेवटी ऑक्टोबरच्या उन्हात बाटली पिशवीत हिंदकळत शेताकडच्या महादेवाला गेले.

गुरवमामांनी सगळं ऐकलं. "ह्याच्यात हाय काय?"

"सातू, पाणी आन् कसलं तरी फूल."

"सातू होमात चालतेत. पाणी देवाला रोज घालतो. फूल तर त्याचंच. मंग तकलीफ काय?"

"तिन्ही एकत्र तीन आठवडे मुरवलंय, मामा."

मामांनी बाटली उलटीपालटी करून पाहिली. मग म्हणाले, "झाकण न काढता ठेवा. देवाला वाटलं तर तो काढंल."

मी बाटली पिंडीपुढं ठेवली आणि डोळे मिटून जप धरला. पहिली माळ पुरी होते न होते, तोच फट्ट! झाकण उडून नंदीवर, फेस पिंडीवर.



"देवानं घेतली, बाई," मामा हळूच म्हणाले. "आता हा प्रसाद झाला."

"मग उपास सोडू?" मी ओंजळ पुढं केली.

"थांबा. बाईमाणसाला आधी कसं द्यावं? काय हाय ते मी बघतो."

मामांनी पळीभर तळव्यावर घेतलं, प्याले, हात डोक्यावरून फिरवला. डोळे मिटून बसले.

"कसं आहे, मामा?"

"बराबर ध्यानात येईना. अजून एक पळी बघू द्या."

पाचव्या पळीलाही त्यांच्या बराबर ध्यानात येत नव्हतं, आणि मी ओंजळ धरून उपाशीच!