आजोबा पास झाले

कॉलेजच्या फुटबॉल संघात त्यांना सगळे आजोबा म्हणत. वय तिशीला टेकलेलं, कपाळ मागे सरकत सरकत टाळूपर्यंत पोचलेलं, आणि डावा गुडघा सकाळी तेल चोळल्याशिवाय वाकायचं नाव घेत नसे. बरोबरीची पोरं कधीच नोकरीला लागली होती, काहींची मुलं शाळेत जाऊ लागली होती. आजोबा मात्र अजून बी.ए.च्या शेवटच्या वर्षात. कितव्यांदा, ते ऑफिसातल्या हेडक्लार्कलाही चटकन सांगता आलं नसतं.

ते ढ होते असं मात्र कुणी समजू नये. नापास होणं ही त्यांची कमाई होती. स्पर्धेचा नियम एवढाच की खेळाडू कॉलेजचा विद्यार्थी हवा. वयाबद्दल नियमात चकार शब्द नव्हता, कारण धडधाकट माणूस आपखुशीने तिशीपर्यंत बी.ए. करत बसेल हे नियम करणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्या फटीत आजोबांनी संसार थाटला होता. बाकीचे पेपर नीट सोडवायचे आणि अर्थशास्त्रात बुडायचं, तेही बेताने. अगदी तळाला गेलं तर कॉलेज नाव काढून टाकणार, फार वर आलं तर पास होण्याची भीती. म्हणून दोन प्रश्न झोकात लिहायचे, तिसऱ्याची सुरुवात करायची, आणि पेन ठेवून खिडकीतून मैदानाकडे बघत बसायचं. "काठावर पास कुणीही होतं," ते नव्या पोरांना सांगत. "काठावर नापास होऊन दाखवा."

घरी थोरला भाऊ आणि वहिनी. भावाचं चष्म्याचं दुकान होतं आणि स्वभाव भोळा. दर निकालाला तो भावाच्या पाठीवर हात ठेवून "होईल रे पुढच्या वर्षी" म्हणायचा. वहिनी भोळी नव्हती.

"भावजी," ती ताट वाढताना म्हणायची, "तुमच्या वर्गातली ती उंच मुलगी आठवते? तुमच्याच कॉलेजात शिकवायला लागली म्हणे. बघा, वर्गात भेट होईल."

आजोबा मान खाली घालून जेवायचे. बायकांना फुटबॉल कळत नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. संघाचा बचाव आपल्या खांद्यावर उभा आहे, आपण निघालो की भिंत कोसळलीच, यावर त्यांचा ठाम विश्वास होता. संघ दरवर्षी पहिल्याच फेरीत हरत असे ही गोष्ट त्या विश्वासाच्या आड कधी आली नाही.

आणि मग ते साल उजाडलं.

पहिल्या सामन्याला समोरच्या संघाची बस वाटेत बंद पडली. ते आलेच नाहीत, हे जिंकले. दुसऱ्या सामन्यात समोरच्या गोलकीपरने लांबून घरंगळत आलेला चेंडू झकास वाकून स्वतःच्याच पायांमधून आत जाऊ दिला. तिसऱ्यात आजोबा दमून पडले ते नेमके समोरच्या धिप्पाड गड्याच्या अंगावर, आणि पंचांनी मैदानाबाहेर काढलं त्या गड्याला. उपांत्य सामन्यात तर कहरच झाला. शेवटच्या कॉर्नरला सगळे पुढे गेले तसे आजोबाही रमतगमत गेले. बुटाची नाडी सुटली म्हणून गोलासमोर वाकले. कुणीतरी मारलेला चेंडू आजोबांच्या पार्श्वभागावर आदळला आणि जाळ्यात गेला. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला: 'अनुभवाचा गोल'. भावाने ते कात्रण दुकानात आरशाशेजारी चिकटवलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडावी तसं चाललं होतं, पण फांदी आपणच तोडली असं आता कॉलेजातला प्रत्येक कावळा सांगू लागला.

त्यात पहिले स्पोर्ट्सचे सर. सरावाच्या वेळी सावलीत खुर्ची टाकून शब्दकोडं सोडवणं हीच त्यांची इतक्या वर्षांची कामगिरी. ते आता 'माझी व्यूहरचना' म्हणू लागले. दुसरे प्राचार्य. मैदानाच्या जागी गाड्या लावायची सोय करावी असा ठराव त्यांनी मागच्याच वर्षी मांडला होता. आता ते गळ्यात संघाच्या रंगाचा मफलर घालून फिरत. भर उन्हात.

उपांत्य सामन्यानंतर हॉलमध्ये सभा झाली. प्राचार्यांनी मफलर सावरला आणि आवाज चढवला. "या वीरांनी कॉलेजचं नाव गाजवलं. यंदा यांच्यातला एकही वीर नापास होणार नाही! हा माझा शब्द आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात आजोबांनीच वाजवल्या. शब्दाचा अर्थ त्यांच्या डोक्यात उतरला नव्हता.

तो उतरला निकाल लागला तेव्हा. अंतिम सामना तोंडावर आलेला. भाऊ दुकान अर्धवट उघडं टाकून मिठाईचा पुडा घेऊन धावत आला आणि दारातच रडायला लागला. "झालास रे! पास झालास! आज आई-बाबा असते तर…"

आजोबांचा चेहरा पांढराफटक पडला. वहिनीने तो पाहिला, आणि इतक्या वर्षांचं गणित तिला त्या क्षणी सुटलं.

"अभिनंदन, भावजी," ती म्हणाली. "फारच मोठा घात झाला म्हणायचा."

तासाभरात स्पोर्ट्सचे सर आले. त्यांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं, "शनिवारी तुला खेळता येणार नाही. निकाल लागला, तू आता माजी विद्यार्थी. नियम म्हणजे नियम."

"सर, पण बचावाला कोण?"

"काडीला घेतो."

काडी म्हणजे पहिल्या वर्षाचा एक किडमिडीत पोरगा. फुंकर मारली तर उडेल असा. आजोबांना हसावं की रडावं कळेना.

ते तडक प्राचार्यांकडे गेले. केबिनमध्ये कंत्राटदार नव्या कपाटाची मापं घेत होता. करंडक यायच्या आधीच करंडकाचं कपाट ठरलं होतं.

"सर, मला नापास करा," आजोबा म्हणाले.

प्राचार्य कंत्राटदाराकडे वळले. "ऐकलंत? याला म्हणतात विनय. आमच्या संस्थेचे संस्कार!"

"विनय नाही, सर. मी खरंच नापास आहे. वाटल्यास पेपर काढून बघा."

"अरे, खेळाडूने एवढं हळवं असू नये," प्राचार्य उठून खांदा थोपटत म्हणाले. "शनिवारी तू माझ्याशेजारी पहिल्या रांगेत बसशील. माजी विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी म्हणून." आणि खांदा थोपटता थोपटता त्यांनी आजोबांना दाराबाहेर आणून सोडलं.

राहिले अर्थशास्त्राचे सर. ते स्टाफरूममध्ये डबा खात होते. आजोबा समोर जाऊन उभे राहिले.

"सर, मी अर्धा पेपर कोरा सोडला होता."

"असेल."

"मग पास कसा केलात?"

"वरून निरोप आला." सरांनी घास गिळला. "मला काय, एक आकडा खोडायचा आणि दुसरा लिहायचा."

"म्हणजे तुम्ही पेपर वाचलाच नाहीत?"

"यंदा नाही वाचला."

"आणि आधीची वर्षं?"

सरांनी डब्याचं झाकण लावलं. माणूस आळशी होता, पण खोटारडा नव्हता. "हे बघ, पहिल्या वर्षी वाचला असेन. नापास होतास. मग दरवर्षी तेच नाव समोर यायचं, हात आपोआप तोच आकडा लिहायचा. तू काय लिहिलंस आणि काय नाही, देव जाणे. का, चांगलं लिहायचास की काय?"

आजोबा बाहेर आले आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. एवढी वर्षं परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्यांनी डोकं लावून ठरवलं होतं की कुठल्या प्रश्नाला किती लिहायचं, कुठे थांबायचं. तिसऱ्या प्रश्नाचा पहिला परिच्छेद तर ते इतका सुरेख लिहीत की सोडून देताना जिवावर यायचं. आणि तो कुणी वाचलाच नव्हता. पानभर शिव्या लिहिल्या असत्या तरी चाललं असतं. आपण कॉलेजला उल्लू बनवतोय या आनंदावर त्यांनी ऐन उमेदीची वर्षं काढली होती. कॉलेजचं लक्षच नव्हतं.

शनिवारी ते पहिल्या रांगेत बसले. अंगात भावाचा कोट, खांद्यांत तंग. शेजारी मफलर. मैदानात काडी त्यांच्या जागी उभा राहिला, तेव्हा आजोबांनी डोळे मिटून घेतले. संघ चार-पाच गोलांनी हरणार, आणि मग सगळ्यांना कळणार की भिंत कुठे होती. असं व्हावं ही त्यांची मनापासून इच्छा होती. ती त्यांनी तोंडावर दिसू दिली नाही एवढंच.

सामना सुरू झाला. आजोबा बसल्या जागेवरून ओरडू लागले, "मागे! मागे ये! उजवीकडे जाऊ नकोस!" काडी उजवीकडे गेला. आजोबा उभे राहिले, हातवारे करू लागले. मागच्या रांगेतल्या एका बाईने त्यांच्या कोटाला हात लावून विचारलं, "तुमचा मुलगा खेळतोय का हो?"

आजोबा खाली बसले.

मैदानात भलतंच घडत होतं. आजोबांची वाट बघत थांबायचं नसल्यामुळे सगळा संघ पळत होता. काडी चेंडू काढून घेई, पुढे देई, आणि पुन्हा आपल्या जागी हजर. कुणाची बस बंद पडली नाही, कुणी कुणाच्या अंगावर पडलं नाही. तरी हाफटाइमच्या आत दोन गोल झाले आणि नंतर तिसरा. त्या सबंध सालात संघाने खेळून जिंकलेला असा हा एकच सामना.

शेवटची शिट्टी वाजली तशी पोरांनी स्पोर्ट्सच्या सरांना उचललं, मग प्राचार्यांना उचललं. प्राचार्य जड निघाले. पडले. त्या गोंधळात काडी धापा टाकत आजोबांपाशी आला.

"आजोबा, जागा नीट सांभाळली ना मी तुमची?"

त्याच्या एक मुस्काटात द्यावी असं वाटलं आजोबांना. पण पोराचा चेहरा निष्पाप होता. ते म्हणाले, "बरा खेळलास. उजवीकडे फार जात होतास."

"तुम्ही सरावाला सारखं सांगायचात, तिकडे जाऊ नकोस म्हणून. आज म्हटलं जाऊन बघू. तर तिकडे सगळं मोकळंच होतं."

त्यानंतर आजोबा चष्म्याच्या दुकानात बसू लागले. सुरुवातीला त्यांनी दोन फ्रेमच्या दांड्या मोडल्या आणि एका म्हाताऱ्याला दुसऱ्याच कुणाचा चष्मा दिला. तो म्हातारा आठवडाभर कौतुक करत होता. हळूहळू हात बसला. गिऱ्हाइकाच्या नाकाकडे बघून फ्रेम सांगणं त्यांना जमू लागलं, आणि न शोभणारी फ्रेम शोभते म्हणून सांगणं तर पहिल्या दिवसापासून जमत होतं. भाऊ खूश होता.

पुढच्या साली संघ पहिल्याच फेरीत हरला. समोरच्यांची बस वेळेवर आली होती. आठवडाभराने स्पोर्ट्सचे सर डोळे तपासायला म्हणून दुकानात आले आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "कॉलेजात एम.ए. सुरू होतंय. वयाची अट नाही. विषय तुला हवा तो घे. अर्थशास्त्राला तर तेच सर आहेत."

आजोबांनी सरांचा नंबर काढला आणि त्यांच्या गोल चेहऱ्याला न शोभणारी, पार घुबडासारखी दिसणारी फ्रेम "सर, यात तुम्ही अगदी प्राचार्य दिसता" म्हणून गळ्यात मारली. सर आरशात दोनदा बघून छाती काढून गेले.

दुपारी जेवताना आजोबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "वहिनी, एम.ए. किती वर्षांचं असतं हो?"

वहिनी वाढता वाढता थांबली. "लोकांना दोन," ती म्हणाली. "तुम्हाला चौदा."

भाऊ हसू दाबायला पाणी पिऊ लागला आणि त्याला ठसका लागला. आजोबांनी उठून त्याची पाठ चोळली. मग तेही हसले, जरा उशिरा, पण हसले. कॉलेजात ते गेले नाहीत. रविवारी मात्र मैदानावर जातात, कठड्यापाशी उभे राहतात आणि काडीवर ओरडतात, "अरे, उजवीकडे जा, उजवीकडे!"